सानपाड्याच्या हॉलमधलं माहेर

ओटी भरायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. ती मावशींची. पुढे जे निस्तरावं लागलं ते मात्र मी निस्तरलं, आणि ते अजून संपलेलं नाही.

सानपाडा गावात, जुन्या घरांच्या दाटीत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा निवारा होता. बेघर कुटुंबांसाठी. त्याआधी तिथे छोटेखानी हॉल होता, साखरपुडे आणि बारशी व्हायची. एका टोकाला स्टेज होतं. ते तोडत बसण्यापेक्षा तसंच ठेवलं आणि त्यावर स्वयंपाकघर थाटलं. त्यामुळे आमच्या स्वयंपाकाच्या मावशी वर्षानुवर्षं स्टेजवर उभ्या राहून भाकऱ्या थापत आल्या आणि पोरं खाली बसून त्यांच्याकडे टक लावून बघत राहायची. उरलेल्या हॉलमध्ये प्लायवूडची पार्टिशनं घालून कप्पे केले होते. एका कप्प्यात एक कुटुंब, आणि दाराच्या जागी पडदा.

संस्था लहान. काही निवृत्त मंडळींनी मिळून काढलेली. त्यांचा आग्रह एकच होता, नवरा, बायको, पोरं, म्हातारी, जे कोण असतील ते एकत्र राहिले पाहिजेत. दुसरीकडे पुरुष एका ठिकाणी आणि बायका-मुलं दुसऱ्या ठिकाणी अशी वाटणी व्हायची, आणि ती एकदा झाली की पुष्कळ संसार परत जुळायचेच नाहीत. आमच्याकडे कुणी झोपडी पाडली म्हणून यायचं, कुणी भाडं थकलं म्हणून. कुणी मार्केटात पोती उचलता उचलता पाठ मोडून घेतलेली असायची. जरा सावरेपर्यंत राहायचं, भाड्याची खोली मिळाली की जायचं, असा सगळा मामला होता.

मी तिथे व्यवस्थापक होते. हा शब्द कागदावर. प्रत्यक्षात तुंबलेल्या मोरीपासून बादलीवरून जुंपलेल्या भांडणापर्यंत सगळं माझ्या गळ्यात यायचं. माझा नवरा तुर्भ्याच्या एका कारखान्यात होता. तो गेल्यावर जुईनगरच्या घरात एकटीला बसवेना, म्हणून वर्षभर करून बघू म्हटलं. त्या वर्षाचं पुढे काय झालं ते विचारू नका.

पहिलं कुटुंब बाहेर पडलं त्या दिवशी सगळे खुशीत होते. टेम्पो खाली लागलेला, नवऱ्याने गाठोडी चढवलेली, आणि बाई मात्र जिन्याच्या तोंडाशी उभी. जाईना. डोळ्याला पदर लावून नुसती उभी. मी घड्याळाकडे बघत होते, कारण त्या कप्प्यात दुपारी दुसरं कुटुंब यायचं होतं. तेवढ्यात मावशी स्टेजवरून तरातरा खाली उतरल्या. अशी रिकाम्या ओटीने कशी पाठवायची पोरीला, असं मलाच दटावलं, आत जाऊन ओंजळभर तांदूळ, एक नारळ आणि स्वतःच्या कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. बाईने पदर पसरला. ओटी भरून झाल्यावर मावशींनी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि ओटीतले चार दाणे आमच्या तांदळाच्या डब्यात परत टाकायला लावले. मुलगी निघाली तरी माहेर भरलेलं राहावं, म्हणून असं करतात. मग ती बाई गेली, आणि हसत गेली.

आमचे विश्वस्त, त्यांना सगळे सर म्हणत, त्या वेळी तिथेच होते. बँकेतून निवृत्त झालेले, सरळ माणूस, पण हातात सतत मोबाईल. त्यांनी फोटो काढला. तो देणगीदारांना पाठवायच्या पत्रकावर छापून आला, आणि लोकांना तो इतका आवडला की पुढच्या प्रत्येक कुटुंबाच्या निरोपाला ओटी ठरूनच गेली. एक बौद्ध घरातली बाई होती, ती म्हणाली, कुंकू राहू द्या ताई, नारळ मात्र द्या. तिला तसं दिलं. दाणे तिनेही डब्यात टाकले.

ओटी नेहमी मावशीच भरायच्या. मी विधवा. मला कुणी नको म्हटलं नव्हतं. पण मीही कधी पुढे झाले नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास आहे असंही नाही. एखादी बाई नव्या घरी निघताना तिच्या मनात किंतु कशाला, म्हणून मी ताट धरून बाजूला उभी राहायची. एकदा बाजूला उभं राहायची सवय लागली की पायही तिथेच जाऊन थांबतात. शिवाय वाद घालायला दिवसाअखेर अंगात काही उरतही नसे.

आमच्यापैकी एकाही शहाण्याच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. बाईची ओटी भरून तिला दारातून निरोप दिला की ती दार तिचं माहेर होतं. आणि माहेर झालं की ती परत येते.

आधी दिवाळीला आल्या. चिवड्याची पुडी घेऊन, मुलांना नवे कपडे घालून. ते गोड वाटलं. मग नागपंचमीला आल्या. मग एक जण नवऱ्यावर रुसून आली आणि मावशींजवळ कांदे चिरत बसली. संध्याकाळी तिचा नवरा खाली रस्त्यावर तोंड पाडून उभा, वर यायची हिंमत नाही. त्याला समजवायला कोण गेलं असेल ते सांगायला नको. कप्प्यांत नवी कुटुंबं, त्यांची आजारपणं, शाळांचे दाखले, आणि वर या माहेरवाशिणी. मी घरी जाऊन चपलांसकट पलंगावर आडवी व्हायची. सरांनी मीटिंगमध्ये विषय काढला. एकदा कुटुंब बाहेर पडलं की आपली जबाबदारी संपली, असं ते म्हणाले. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं, मावशींनी ऐकलं आणि सोडून दिलं.

आणि मग ती आली.

आमच्याकडून जाऊन तिला वर्ष-दीड वर्ष झालं असेल. नवरा साताऱ्याकडचा, मार्केटात माल चढवणारा. पाय मोडून पडला तेव्हा दोघं आमच्याकडे होती, आणि पाय बरा झाल्यावर तुर्भ्याच्या एका चाळीत खोली घेऊन गेली. तिचे आई-बाप लहानपणीच गेलेले. चुलत्याने वाढवलं, लग्न लावलं आणि हात झटकले. बोलायला कमी, कामाला वाघ. आमच्याकडे होती तेव्हा तिच्यामुळे मोरी स्वच्छ असायची, हे मला पक्कं आठवतं.

तर ती आली ती नऊ महिन्यांचं पोट घेऊन, हातात पिशवी, मागे नवरा. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातलेला. मी खुर्ची दिली तर तो तीत अगदी काठावर बसला, चहा आधी नको म्हणाला, मग आग्रह केल्यावर घेतला. जावई बसतो तसा. मला हसू येत होतं, कारण मला अजून काही कळलं नव्हतं. चहा संपवून तो उठला, म्हणाला, "हिला आणून सोडलीय ताई. पयलं बाळंतपण माहेरी करायचं असतंय. बारशाला येतो मी."

आणि गेलासुद्धा.

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत होती. कोपऱ्यातला एकच कप्पा रिकामा होता, आणि तो संध्याकाळी तुर्भ्याच्या पुलाखालच्या एका कुटुंबाला द्यायचा होता. नवरा-बायको आणि लहान लहान पोरं. सकाळीच मी स्वतः जाऊन त्यांना सांगून आले होते, पोरांनी तिथल्या तिथे गाठोडी बांधायला घेतली होती. त्यांना आता काय सांगायचं? आणि हिला घर होतं. हक्काची खोली, कमावता नवरा. नियमाने बघितलं तर हिला एक रात्रसुद्धा ठेवता येत नव्हतं. मी तिला हे सगळं नीट, न रागावता समजावून सांगितलं. दवाखान्यात नाव घातलंय ना, मग तिथून घरी जा, मी येत जाईन बघायला, असंही म्हटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, आख्ख्या चाळीनं ओटी भरून पाठवलंय मला. माहेरी चालले म्हणून सांगून आलेय. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?"

चाळीतल्या बायका काय म्हणतात हे तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितलं. हिला कुणी नाही, हिला विचारणारं कुणी येत नाही, सणाला ही कुठे जात नाही. एकदा भांडणात कुणीतरी रस्त्यावरची म्हटलं होतं. तेव्हा तिने ठणकावून सांगितलं होतं, माझं माहेर सानपाड्याला आहे. ते गेलं वर्षभर ती सांगत आली होती. पत्रकावरचा ओटीचा फोटो तिने खोलीत भिंतीला लावला होता, कारण ती गेली त्या वर्षी पत्रकावर छापलेला फोटो तिचाच होता.

मला राग आला, खरं सांगते. तिचा नाही. मावशींचा, सरांचा, त्या फोटोचा, नारळाचा. दोन पोती सामान उचलून आणल्यावर कुणी तिसरं पाठीवर ठेवावं तसं झालं. मी ऑफिसमध्ये जाऊन दार लावून बसले. ऑफिस म्हणजे जिन्याजवळची लहानशी खोली, एक टेबल, एक कपाट, पंखा. बसल्या बसल्या ती खोली बघितली. पलंग मावला असता.

टेबल बाहेर काढलं. संध्याकाळी पुलाखालचं कुटुंब आलं, त्यांना त्यांचा कप्पा दिला. ऑफिसमध्ये ती राहिली.

सरांना मी स्वतःच फोन केला. ते ओरडणाऱ्यातले नाहीत, ते थकल्यासारखं बोलतात, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. "ताई, आपण निवारा चालवतो, माहेर नाही," ते म्हणाले. उद्या सगळ्या येतील, मग तुम्ही काय करणार, असं विचारलं. मी म्हटलं, येतील.

मुलगी झाली. सव्वा महिना मी पॅसेजमध्ये टेबल टाकून काम केलं, येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय टेबलाला लागायचे आणि चहा सांडायचा. फायलींना शेपांचा आणि ओव्याच्या धुरीचा वास लागला, तो अजून जात नाही. मावशी सकाळी स्टेजवर सगळ्यांचा नाश्ता करायच्या आणि मग गुडघे धरत खाली येऊन बाळाला न्हाऊमाखू घालायच्या. एकदा देणगीदार मंडळी बघायला आली ती नेमकी त्या वेळी. बाळ टाहो फोडतंय, मावशी पाटावर पाय पसरून बसलेल्या, सगळीकडे पाणी. सर त्या पाहुण्यांना काय सांगावं या विचारात घामाघूम. कप्प्यांतल्या बायका मात्र त्या दिवसांत कमी भांडल्या. ज्यांना स्वतःला डोक्यावर छप्पर नव्हतं त्या आळीपाळीने बाळंतिणीची धुणी धुवायच्या, आणि धुताना सल्ले द्यायच्या. मी ते पाहायची, बरं वाटायचं आणि तरी वाटायचं की कधी एकदा ही जाते आणि माझं टेबल आत जातं.

बाराव्या दिवशी नवरा पेढे घेऊन आला. सव्वा महिन्याने ती गेली, मावशींनी ओटी भरली, मी ताट धरलं. तिने दाणे डब्यात टाकले.

सर म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या वर्षात आणखी दोघी बाळंतपणाला आल्या. टेबल पॅसेजमध्येच राहिलं.

निवारा बंद पडला त्यात या माहेरपणाचा काही दोष नाही, हे सांगायला हवं, कारण तसं बोलणारे होते. जागा गेली. इमारत जुनी झाली होती, मालकांच्या मुलांना ती पाडून नवी बांधायची होती. त्यांची म्हातारी आई जिना चढून मला सांगायला आली. गावातली मूळची आगरी बाई, आमच्या पोरांना सणाला तांदळाच्या भाकऱ्या पाठवायची. माझा हात धरून म्हणाली, "माजा काय इलाज नाय गो पोरी." साठीच्या बाईला पोरी म्हणणारं दुसरं कुणी राहिलं नव्हतं मला, त्यामुळे तिच्यावर रागावताही आलं नाही.

दुसरी जागा आम्ही खूप शोधली. कुटुंबांसाठी म्हटलं की मालक आधी हो म्हणायचे, बेघर म्हटलं की सोसायटी आडवी यायची. शेवटी जी कुटुंबं होती त्यांची सोय इकडेतिकडे लावली. काहींची वाटणी झाली, बाप एका ठिकाणी आणि आई-मुलं दुसऱ्या, जे होऊ नये म्हणून सगळं काढलं होतं तेच. त्या दिवशी मी रडले नाही, नुसती बसून राहिले. सर मुलाकडे पुण्याला गेले. मावशी गुडघे घेऊन कोकणात गावी गेल्या. पार्टिशनं भंगारवाल्याने नेली.

मी घरी आले आणि झोपले. किती महिने झोपत होते कुणास ठाऊक. दुपारी झोपायचं, संध्याकाळी वरणभात, पुन्हा झोप. कुणी बेल वाजवली तर लगेच उघडायची नाही, आता कुणाचं काय असेल म्हणून. श्रावण लागला तसे फोन यायला लागले. कधी येऊ, ताई? मी प्रत्येकीला सांगत होते, बंद झालं गं, हॉल पाडला. त्या बरं म्हणून फोन ठेवायच्या. तिचाही आला. तिलाही तेच सांगितलं. तीही बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं याचं वाईटही वाटलं.

पंचमीला दुपारी बेल वाजली. दारात ती, कडेवर मुलगी, हातात लाह्यांची पिशवी. पत्ता मावशींना फोन करून घेतला म्हणाली.

माझ्या घरात सणाचं काहीही नव्हतं. एकटीसाठी पुरणाची दिंडं कोण करतं? पंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, तो तेवढा ठेवला नव्हता, तोही आळसाने. वरणभात होता तो वाढला. तिने पोटभर खाल्ला, मुलीला भरवला. मला वाटलं, आता बोलेल, काही अडचण सांगेल, नवऱ्याचं, खोलीचं. मनातल्या मनात मी तयारी करत होते. तिने काहीच सांगितलं नाही. मागे सरकली, माझ्या पलंगावर आडवी झाली आणि झोपून गेली. चाळीत पहाटे पाण्याला उठणारी, दिवसभर दुसऱ्यांची भांडी घासणारी बाई, घोरत होती. मुलगी खाली फरशीवर माझ्या डब्यांची झाकणं वाजवत बसली. मी खुर्चीत. तिला काही नको होतं माझ्याकडून, एवढंच हवं होतं, आणि ते समजायला मला सगळी दुपार लागली.

संध्याकाळी ती उठली, तोंड धुतलं, वेणी घातली, मुलीला कडेवर घेतलं. दारापर्यंत गेली आणि थांबली. पदर पुढे धरून उभी राहिली.

मी म्हटलं, "अगं, मावशी नाहीत इथं."

"मावशी कशाला पायजेत? तुमी हाय ना."

माझा हात आपोआप कपाळाकडे गेला असावा, कारण तिने ते पाहिलं. मुलीला खाली ठेवलं, आपल्या पर्समधून कुंकवाची डबी काढली, माझ्या हातात दिली आणि कपाळ पुढे केलं. म्हणाली, "माज्या माहेरी आता तुमीच हाय ताई. रिकामी पाठवता का?"

घरात नारळ नव्हता. कुंकू नीट लागलं नाही, थोडं नाकावर सांडलं. मी आत जाऊन ओंजळभर तांदूळ आणले आणि ओट्यावर ठेवलेलं एक केळं. इतकी वर्षं ताट धरून बाजूला उभी राहिलेली बाई मी, माझ्या हातांना हे कसं करायचं ते माहीत होतं. तिच्या पदरात ओतलं. तिने वाकून नमस्कार केला आणि मला न विचारता सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली. एक डबा उघडला, तो पोह्यांचा निघाला. दुसरा उघडला, तो तांदळाचा होता. ओटीतले चार दाणे त्यात टाकले, झाकण घट्ट लावलं आणि दिवाळीला येते म्हणून गेली.

मी दार लावलं. मग आत जाऊन दिवाळीला काय काय लागेल ते आठवायला बसले, आणि सगळ्यात आधी नारळ आठवला.